गाण्याची स्पर्धा किती वाजता, आणि माग किती वाजता?

"इंडियन आयडॉल"चा हंगाम सुरू झाला की कारखान्यांत, शिलाईच्या खोल्यांत आणि दुकानांच्या फळ्यांवर शनिवारी एकच विचारणा असते : आज किती वाजता, आणि कोणत्या चॅनेलवर? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे नेमके उत्तर हाताशी नसल्यामुळे सबंध संध्याकाळ वाया जाते, असे आमचे निरीक्षण आहे. गाणे ऐकावे की नाही, हा विषय उलेमांचा. तो या पानावर आम्ही काढीत नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो वेळेचा, मजुरीचा आणि गल्ल्याचा.

आपला कारागीर हे कार्यक्रम का पाहतो, हे मालकांनी आधी समजून घ्यावे. 2005 साली "फेम गुरुकुल"मध्ये काश्मीरचा काझी तौकीर जिंकला. 2018 साली "इंडियन आयडॉल"च्या दहाव्या हंगामात मेवातच्या मिरासी घराण्यातला सलमान अली पहिला आला व 25 लाखांचे बक्षीस घेऊन गेला. 2020 च्या फेब्रुवारीत बठिंड्याचा सनी हिंदुस्तानी विजयी झाला. तो पूर्वी बूटपॉलिश करीत असे. हातावर पोट असलेल्या माणसाला त्या मंचावर आपल्यासारखाच कोणी दिसतो. म्हणून "टीव्ही बंद, काम सुरू" एवढ्या फर्मानाने हा प्रश्न सुटत नाही.

पूर्वी अडचण कमी होती. 1 मे 1995 रोजी झी टीव्हीवर "सा रे ग म" सुरू झाले आणि पुढच्या वर्षी दूरदर्शनवर "मेरी आवाज सुनो"मधून सुनिधी चौहान पुढे आली, तेव्हा चॅनेल मोजके होते. सगळ्या मोहल्ल्याला वेळ पाठ असे. आता चॅनेल शेकड्यांनी आहेत, प्रत्येक केबलवाल्याचा व डिशवाल्याचा चॅनेल क्रमांक निराळा आहे आणि वेळ हंगामाच्या मध्येच बदलते. बाराव्या हंगामाचेच पाहा. 28 नोव्हेंबर 2020 रोजी तो सुरू झाला तेव्हा वेळ रात्री आठची होती. मार्च 2021 अखेर नृत्याची स्पर्धा आली आणि गाणे साडेनऊवर गेले. हा हंगाम 15 ऑगस्ट 2021 पर्यंत चालला आणि त्याचा शेवटचा भाग दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत, तब्बल बारा तास चालला. मुझफ्फरनगरचा मोहम्मद दानिश त्या अंतिम फेरीत होता. एवढा वेळ कोणत्या कारखान्याला परवडेल?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चॅनेलवाला गाणे विकत नाही. तो पाहणाऱ्याचा वेळ जाहिरातदाराला विकतो. म्हणून आवडता गायक आधी येत नाही, निकाल शेवटी लागतो आणि "थोड्याच वेळात" या शब्दांवर तासभर बसवले जाते. यात त्याचा दोष नाही, तो त्याचा व्यापार आहे. पण आपणही व्यापारी आहोत. आपला माल, म्हणजे आपला वेळ, फुकट का द्यावा?

दुसरी गोष्ट वाराची. शनिवार-रविवारची रात्र ही ज्यांना रविवारची सुटी असते, त्या घरांसाठी निवडलेली आहे. मालेगावात यंत्रमागांची सुटी शुक्रवारी, जुम्याला असते. तेथे शनिवार-रविवार म्हणजे पाळीचे दिवस. रेडिमेड, चप्पल, भांडी यांच्या दुकानांत तर याच दोन संध्याकाळी गिऱ्हाईक अधिक. म्हणजे जी वेळ दुसऱ्यांच्या विश्रांतीची, तीच आपल्या कमाईची. टीव्हीचे वेळापत्रक आपल्यासाठी बनलेले नाही. आपले वेळापत्रक आपणच बनवले पाहिजे.

त्यासाठी आमच्या सूचना अशा. पहिली, वेळ अफवेवर घेऊ नये. रिमोटवरील गाइडचे बटण दाबले की त्या दिवसाचे कार्यक्रम व वेळा पडद्यावर येतात. चॅनेलचा क्रमांक व वेळ शनिवारी सकाळीच पाहून फळ्यावर लिहावी, म्हणजे दिवसभराची विचारणा संपते.

दुसरी, पैसे जपून खर्चावे. 2019 सालच्या फेब्रुवारीपासून प्रत्येक सशुल्क चॅनेलचा मासिक दर स्वतंत्र जाहीर करणे बंधनकारक झाले आहे आणि गिऱ्हाइकाला एकेक चॅनेल निवडून घेता येते. एका कार्यक्रमासाठी मोठे पॅकेज घेण्याआधी दोन्हींचा हिशेब करावा. एचडी चॅनेल वेगळा असतो व त्याचा दरही वेगळा असतो. जुन्या टीव्हीवर त्याचा उपयोग नाही.

तिसरी, थेट पाहण्याचा हट्ट सोडावा. सोनीचे कार्यक्रम सोनी लिव्हवर व झीचे झी फाइव्हवर मागाहून पाहता येतात. बरीच गाणी चॅनेलच्या अधिकृत यूट्यूबवरही येतात. दीड-दोन तासांचा भाग पाहण्याऐवजी आवडत्या गायकाचे पाच मिनिटांचे गाणे दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ऐकले, तर मजुरीही बुडत नाही आणि हौसही भागते. मात्र "फायनल फुकट पाहा" अशा अनोळखी लिंकवर बोट ठेवू नये, कोणी पाठवलेले अ‍ॅप फोनमध्ये घेऊ नये. त्याच फोनमध्ये आपला बँकेचा व्यवहार असतो. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. चालत्या मागाजवळ, कटिंगच्या टेबलाजवळ किंवा प्रेसच्या यंत्राजवळ पडदा अथवा फोन लावू नये. नजर गाण्यावर आणि हात यंत्रात, यात बोट जाते. बोट गेले की कारागिराची कायमची कमाई जाते. मीटरवर किंवा नगावर मजुरी असलेल्याचे तर नजर हटली की दुहेरी नुकसान : माल खराब आणि मजुरी कापलेली.

मालकांनाही आमचे सांगणे आहे. अंतिम फेरीची तारीख आधी जाहीर होते. ती पाहून त्या आठवड्याच्या ऑर्डरी दोन दिवस आधी उरकाव्यात आणि इशाच्या नमाजनंतर कारागिरांना खुशीने मोकळे करावे. चोरून पाहिलेल्या दोन तासांत काम अर्धे होते व मने बिघडतात. ठरवून दिलेल्या दोन तासांची भरपाई कारागीर स्वतः करतो. वर्षातून एक संध्याकाळ दिली म्हणून कोणाचा कारखाना बसत नाही.

दिवसातून पाच वेळा घड्याळ पाहणारी आपली जमात आहे. नमाजची वेळ आपण विचारीत फिरत नाही. ती मशिदीच्या फळ्यावर लिहिलेली असते आणि तिच्याभोवती आपण दिवस बसवतो. कामाची वेळही तशीच आधी लिहावी. मग करमणुकीला उरलेल्या वेळेत जागा द्यावी. उरलेल्या करमणुकीत कामाला जागा शोधू गेलो, तर बरकत राहणार नाही.