नाव लावण्याची घाई

रामाकोन्यात मासा म्हटला की कन्हानचा, नाही तर बाजारच्या टोपलीतला, एवढीच कल्पना परवापरवापर्यंत होती. आता काही घरांतून काचपेट्या आल्या आहेत, आणि त्यांतून ठेंगणे सिक्लिड मासे पोहू लागले आहेत. विद्यार्थ्यांना त्यांचा लळा लागला, याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि या छंदात एक खोड शिरली आहे व तिच्याविषयी लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. मासा पेटीत पडला न पडला तोच आपण त्याला जातीचे नाव देतो, नर की मादी ते ठरवतो, आणि एक चकचकीत छायाचित्र काढून मोकळे होतो.

हा दोष प्रथम आमचाच. गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपूरहून दोन रॅम मासे आणले. विकणाऱ्याने ‘जोडी आहे’ म्हटले, आम्ही मान डोलावली. लांबी जेमतेम दोन इंच, अंगावर निळे ठिपके, डोळ्यांवरून काळी रेघ. घरची धाकटी मंडळी तर हा ‘राम मासा’ खास रामाकोन्यासाठीच आला असे समजून चालली. (वस्तुतः ‘रॅम’ हे नाव रामिरेझ नावाच्या संग्राहकावरून पडले. 1948 साली मायर्स व हॅरी यांनी या माशाचे शास्त्रीय वर्णन केले; त्याचे मूळ घर व्हेनेझुएला व कोलंबिया.) दुसऱ्या दिवसापासून एक दुसऱ्याचा पाठलाग करू लागला. आम्ही त्याला लाडीगोडी समजून हसलो. चौथ्या दिवशी दुसरा मासा कोपऱ्यात फाटक्या परांनी मरून पडला होता.

त्यानंतर पहिल्या दिवशी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे मोठी करून पाहिली. दोघांच्याही पाठीच्या पराचे पुढचे काटे उंच वाढलेले. पोटावर मादीची गुलाबी झाक एकाच्याही नाही. दोन्ही नर! पुरावा चार दिवस आमच्या खिशात होता, आणि आम्ही ती छायाचित्रे रंग किती सुरेख आले एवढ्यापुरतीच पाहिली होती.

भडक तो नर, ही समजूत सर्वांत घातक. आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिस माशात पोटाची जांभळट लाली मादीलाच अधिक शोभते. अ‍ॅपिस्टोग्रामा जातींत मादी लहान व साधी दिसते, पण अंडी राखू लागली की हळदीसारखी पिवळी होते. तिच्यासारखाच दिसणारा एखादा कोवळा नरही पेटीत असू शकतो. रंग तर घटकाभरात पालटतो. भ्यालेला मासा आणि तोच मासा निर्धास्त असताना, यांना एक म्हणणे कठीण. त्यातल्या त्यात भरवशाची खूण अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली दिसते: बाहेर येणारी नळी मादीची जाड व बोथट, नराची बारीक व टोकदार. आणखी एक गोष्ट आमच्या उन्हाळ्याच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी. 1996 साली रोमर व बाइझेनहर्ट्झ यांनी दाखवून दिले की अ‍ॅपिस्टोग्रामाच्या पिलांत नर-माद्यांचे प्रमाण पाण्याच्या उष्णतेवरही अवलंबून असते. पाणी ऊन असले की नर अधिक. तेव्हा मे महिन्यात वाढलेली पिले बहुतेक नर निघाली, तर नशिबाला बोल लावू नये.

आपल्या देशातही एक लहान सिक्लिड आहे. दक्षिणेच्या किनाऱ्याकडील व श्रीलंकेतील नारिंगी क्रोमाइड तो हाच; गोव्याच्या कालुंदराचा धाकटा भाऊबंद. त्याची पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात व दोघेही त्यांची राखण करतात. नर-मादी दिसायला जवळजवळ सारखीच, म्हणून एका छायाचित्रावरून काही ठरत नाही, दिवसेंदिवस पाहत बसावे लागते. शाळेच्या पेटीसाठी आम्ही त्याचीच शिफारस करू.

छायाचित्र काढावे, अवश्य काढावे, पण साक्षीदार म्हणून. काच आतून-बाहेरून पुसावी, खोलीतले दिवे मालवून पेटीवरचा दिवा तेवढा ठेवावा, झगमगाट उडवू नये. तो काचेवरून परततो आणि माशाला बिचकवतो. मोबाइल काचेला समांतर धरावा. मासा आडवा येऊन सर्व पर पसरीपर्यंत थांबावे. अर्धा तास गेला तरी चालेल. तारीख, पाण्याची उष्णता आणि माशाची लांबी लिहून ठेवावी. महिन्याने पुन्हा तेच करावे.

“एवढा खटाटोप दोन इंचांच्या जिवासाठी?” असे वडील मंडळी विचारतात. चुकीच्या जोडीत मासे मरतात, आणि जे नकोसे होतात ते कोणी तरी गुपचूप कन्हानात सोडतो. टिलापिया हाही सिक्लिडच. 1952 साली तो आपल्या देशात आणला गेला आणि आज कितीतरी तलावांतून त्याला काढता येत नाही.

आमच्या पेटीत उरलेला रॅम आता एकटा आहे. शेजारच्या मुलाने परवा त्याच्यासाठी आणखी एक मासा आणला आहे. तो अजून वेगळ्या पेटीत ठेवला असून त्याच्या चिठ्ठीवर तारीख, लांबी आणि एक प्रश्नचिन्ह एवढेच आहे.