लिंबाचे तेल, नगरचे ऊन आणि नाजूक त्वचा

श्रीगोंदा तालुक्याचे कागदी लिंबू राज्यभर जाते. ‘साई सरबती’ हे कागदी लिंबाचे वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचेच. दुसरीकडे सीएसआयआरचे ‘अरोमा मिशन’ २०१७ पासून गवती चहासारख्या सुगंधी पिकांना आणि त्यांच्यापासून तेल काढण्याला प्रोत्साहन देत आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे चांगलेच आहे. पण ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणून विकली जाणारी ही तेले आता मेडिकलच्या दुकानापासून मोबाइलवरच्या बाजारापर्यंत सगळीकडे मिळतात आणि बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेले असले की लोक ती थेट चेहऱ्याला लावतात. ज्यांची त्वचा नाजूक आहे, इसब आहे किंवा साबण बदलला तरी ज्यांना खाज सुटते, त्यांनी इथे थांबून विचार करायला हवा.

लिंबाचेच घ्या. त्याच्या सालीत बर्गॅप्टेनसारखी फ्युरोकूमरिन गटातली रसायने असतात. साल दाबून काढलेल्या तेलात ती उतरतात. असे तेल लावून उन्हात गेले की सूर्यप्रकाशातले यूव्हीए किरण या रसायनांना चेतवतात आणि त्वचेच्या पेशी भाजल्यासारख्या होतात. त्रास लगेच दिसत नाही. साधारण दुसऱ्या दिवशी लाली येते, दोन-तीन दिवसांत ती वाढते, कधी फोड येतात आणि नंतर राहिलेले तपकिरी डाग कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने जात नाहीत. ही ॲलर्जी नव्हे. ती कोणालाही आणि पहिल्याच वेळी होऊ शकते. सावलीत बसलो म्हणजे सुटलो असेही नाही, कारण यूव्हीए किरण साध्या काचेतून आत येतात. एसटीच्या खिडकीजवळची जागाही त्याला अपवाद नाही.

सुगंधी द्रव्यांच्या उत्पादकांची ‘इफ्रा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. उन्हात राहणाऱ्या आणि धुऊन न टाकलेल्या त्वचेसाठी तिने दाबून काढलेल्या ‘लाइम’ तेलाची मर्यादा ०.७ टक्के ठेवली आहे, ‘लेमन’ची २ टक्के. मराठीत आपण दोन्हींना लिंबूच म्हणतो. आपले कागदी लिंबू मात्र ‘लाइम’, म्हणजे कडक मर्यादेतले. तेच तेल वाफेवर काढले तर ही जड रसायने वाफेबरोबर येत नाहीत आणि उन्हाचा धोका जवळजवळ राहत नाही. म्हणून तेल दाबून काढले की वाफेवर, हे लेबलवर ठळक असायला हवे. अनेक बाटल्यांवर ते नसते. माहिती नसेल तर तेल दाबून काढलेलेच आहे असे धरून चालावे आणि लावल्यावर निदान १२ तास त्या जागेला ऊन लागू देऊ नये.

दुसरी अडचण आपल्या उन्हाळ्याची. लिंबाच्या तेलातले लिमोनिन किंवा लॅव्हेंडरमधले लिनालूल ताजे असताना फारसे त्रासदायक नसते. हवा लागली की त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि ती जोरकस ॲलर्जी आणतात. उष्णतेने हे लवकर होते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली किंवा गाडीत पडून राहिलेली अर्धी बाटली म्हणूनच नव्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि लिंबाचे तेल वर्षाच्या आत संपवावे. टर्पेंटाइनसारखा वास आला तर टाकून द्यावे. एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. मग त्याच घटकाचा साबण किंवा क्रीमही सोसत नाही.

युरोपीय संघाने हे गांभीर्याने घेतले आहे. पूर्वी २६ सुगंधी घटकांची नावे लेबलवर द्यावी लागत. २०२३ च्या नियमाने ती यादी ८० च्या आसपास गेली असून ३१ जुलै २०२६ पासून बाजारात येणाऱ्या नव्या उत्पादनांना ती लागू होते. आपल्याकडे कित्येक डब्यांवर ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असतो. निर्यातीच्या मालासाठी घटकांची तपासणी करायचीच असेल, तर तीच माहिती इथल्या ग्राहकाला द्यायला फार खर्च येणार नाही.

तोवर काळजी आपणच घ्यायची. नाजूक त्वचेला तेल कधीही कोरे लावू नये. चहाच्या दोन चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात एक थेंब, म्हणजे साधारण अर्धा टक्का, पुरे. हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे. एका दिवसाच्या चाचणीवर विसंबू नये, ॲलर्जी दोन-तीन दिवसांनीही उमटते. भेगा, जखम किंवा चिघळलेल्या इसबावर लावू नये. लहान बाळांच्या छातीला, नाकाला कापूर किंवा निलगिरीचे तेल चोळण्याची सवय तर सोडावीच. कापराचे तेल पोटात गेले तर झटके येऊ शकतात.

तेल लावल्यावर आग झाली तर नुसत्या पाण्याने ते निघत नाही. आधी खोबरेल लावून पुसून घ्यावे, मग सौम्य साबणाने धुवावे. फोड आले किंवा तेल डोळ्यात गेले तर डॉक्टरांकडे जावे आणि जाताना ती बाटली बरोबर न्यावी.