तळ्याने दिलेली भांडी

मूलच्या वायव्येस, ताडोबाच्या जंगलात जे तळे आहे, तेथे आज लोक वाघ पाहण्यासाठी जातात आणि वाघ दिसला नाही तर मगरी पाहून परततात. या पाण्याखाली एक बुडालेली वरात नांदते, ही त्या परिसराची जुनी समजूत. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये १८७० साली ती कथा छापली गेली.

लग्नाची वरात डोंगरातून चालली होती. सारे तहानेने व्याकूळ झाले. पाणी कोठेच नव्हते. एक अनोळखी वृद्ध आला आणि वधूवरांनीच जमीन खणावी असे म्हणाला. दोघांनी हसत हसत थोडी माती उकरली, तोच निर्मळ झरा उसळला. मंडळी पाणी पीत असतानाच ते वाढत गेले आणि वधूवरांसह सगळी वरात त्यात बुडाली. पुढे तळाशी त्यांच्यासाठी अदृश्य हातांनी मंदिर उभारले.

काठावर एक ताडही उगवला. तो दिवसा दिसे, संध्याकाळी भूमीत शिरे. एक अविचारी यात्रेकरू त्यावर बसला, आकाशात ओढला गेला आणि सूर्याच्या ज्वाळांत भस्म झाला. गोंड बांधवांची परंपरा मात्र वेगळे सांगते : तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला, तोच येथला देव. त्याचे ठाणे काठावरील मोठ्या वृक्षाखाली आहे. ताडाच्या चमत्कारापेक्षा ही झुंज या अरण्याला अधिक शोभते.

व्यापारी घराला मात्र या कथेतला भांड्यांचा भाग विशेष जवळचा वाटेल. यात्रेकरूने मागणी केली की स्वयंपाकाची भांडी पाण्यातून वर येत. काम झाल्यावर ती घासून तळ्याला परत द्यायची. ना चिठ्ठी, ना जामीन. एका लबाडाने ती घरी नेली आणि त्या दिवसापासून तळ्याने देणे बंद केले. महाराष्ट्रात अनेक तळ्यांविषयी आणि कुंडांविषयी अशीच कथा ऐकू येते. त्यात नवल नाही. मंगल कार्यालये नव्हती तेव्हा मोठे हंडे, पराती, पातेली मोजक्याच घरी असत. लग्न उसन्या भांड्यांवर पार पडे. भांड्यांवर नावे कोरण्याची रीत काही हौसेची नव्हती. तळ्याच्या भांड्यांवर तेवढे नाव नव्हते.

इंग्लंडमधील सरे परगण्यात फ्रेन्शॅम येथेही हीच गोष्ट आहे. सतराव्या शतकात जॉन ऑब्रे यांनी ती नोंदवली. तेथे परत करण्याचा दिवस आधी सांगावा लागे. एकाने वायदा चुकवून कढई उशिरा नेली, ती स्वीकारली गेली नाही आणि पुढे उसनवारीच थांबली. ती कढई म्हणून दाखवले जाणारे भांडे तेथील चर्चमध्ये आहे. ताडोबाच्या लबाडाने नेलेली भांडी कोणत्या घरी गेली, हे कथा सांगत नाही. त्याचे नाव, गाव, जात काहीच उरलेले नाही. शिक्षा तरी त्याला एकट्याला कुठे झाली? रिकाम्या हातांनी परतले ते त्यानंतरचे सगळे यात्रेकरू.

निवांत रात्री तळ्याभोवती ढोल आणि शिंगांचा क्षीण नाद फिरतो, असे त्या जुन्या नोंदीत आहे. एका कोरड्या वर्षी पाणी खूप खाली गेले, तेव्हा तळाच्या मंदिराचे सोनेरी कळस चमकताना दिसले, असेही म्हातारे सांगत. आता पर्यटकांच्या गाड्यांना संध्याकाळी जंगल सोडावे लागते. वरातीचे वाजप ऐकू आलेच, तर ते पहाऱ्यावरच्या वनरक्षकांनाच.