शब्द आणि व्यवहार : ‘सेव्हरली’ म्हणजे काय?



‘स्यात्’ या अव्ययाचा अर्थ ‘कदाचित्’ असा केला, तर स्याद्वाद हा संशयवाद भासू लागतो. ‘एका अपेक्षेने’ असा केला, तर सिद्धांत अबाधित राहतो. एका छोट्या शब्दाचे सामर्थ्य एवढे असते. व्यवहारातील इंग्रजी क्रियाविशेषणांनाही हेच लागू पडते.

भोसरी, चाकण, तळवडे भागातील आपल्या पेढ्यांची बोलणी मराठी, मारवाडी वा गुजरातीत होतात. सही मात्र इंग्रजी कागदावर होते. रक्कम, व्याजदर व मुदत आपण बारकाईने तपासतो. क्रियाविशेषणांकडे दुर्लक्ष होते.

बँकेच्या हमीपत्रातील ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ ही जोडी पाहा. ‘सेव्हरली’ म्हणजे ‘सेपरेटली’च, असे अनेकांना वाटते. परंतु ‘सेपरेटली’ कृतीची रीत सांगते: दोन बिले सेपरेटली पाठविली, म्हणजे निरनिराळी पाठविली. ‘सेव्हरली’ उत्तरदायित्व सांगते. ‘जॉइंटली’ म्हणजे सर्वांनी मिळून. केवळ ‘सेव्हरली’ असेल, तर सामान्यतः प्रत्येक जण आपापल्या वाट्यापुरता बांधील असतो. दोन्ही शब्द जोडीने आले, की संपूर्ण रकमेस सर्व मिळून बांधील आणि प्रत्येक जण एकटाही बांधील.

समजा, चार बंधूंनी 40 लाखांच्या कर्जास अशी हमी दिली. प्रत्येकाच्या मनात 10 लाखांचाच हिशेब असतो. कर्ज थकल्यास बँक एकाच बंधूकडे संपूर्ण 40 लाख मागू शकते. ते भरल्यावर इतर तिघांकडून त्यांचा वाटा वसूल करणे, हे त्याचे काम.

भागीदारीत तर कागदावर हे शब्द नसले तरी कायदाच ते घालतो. 1932च्या भारतीय भागीदारी अधिनियमाच्या कलम 25 नुसार, प्रत्येक भागीदार आपल्या भागीदारीच्या काळातील पेढीच्या कृत्यांस संयुक्तपणे व पृथकपणेही जबाबदार असतो. करारपत्रातील नफ्याचे प्रमाण सावकारास बांधून ठेवीत नाही. ज्या पेढ्यांत घरातील माताभगिनींची नावे भागीदार म्हणून घातलेली आहेत, तेथे त्यांनाही हाच नियम लागू होतो.

म्हणून हमीपत्रावर सही करण्यापूर्वी ही जोडी शोधावी. आपली जबाबदारी ठरावीक रकमेपुरती मर्यादित करता येईल का, हे बँकेस विचारावे आणि तसे लेखी घ्यावे. घरातील ज्या ज्या व्यक्तीची सही लागणार आहे, तिला ‘सेव्हरली’चा अर्थ मातृभाषेत समजावून सांगावा, सही त्यानंतरच घ्यावी.