ऑईल ओतण्याआधी पुस्तिका वाचा

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण जुनी डिझेल गाडी घेऊन टुरिस्टचा धंदा करतात. गॅरेजची मजुरी वाचावी म्हणून ऑईल घरीच बदलतात. या स्वावलंबनाचे आम्हाला कौतुक आहे. परंतु दुकानदार देईल तो डबा आणू नये. केवळ ऐकीव म्हणून मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालाम लोकांना सांगितले. ऑईललाही तोच नियम लावावा.

गाडीच्या पुस्तिकेत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जाडी. ५डब्ल्यू-३० मधील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातील जाडीचा. दुसरी, दर्जा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुधा काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचे ऑईल लागते. पुस्तिकेत एसीईए सी३ लिहिले असेल, तर डब्यावरही सी३ हवे. स्वस्त म्हणून ट्रकचे ऑईल ओतले, तर फिल्टरमध्ये राख साचते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. मग शेकड्यांची बचत हजारोंना पडते.

ऑईल फिल्टरही सोबतच बदलावा. पातळी पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये ठेवावी. जास्त ओतू नये.

आणि बंधूंनो, काढलेले काळे ऑईल गटारात सोडू नका. २०१३ चा कायदा असूनही त्या गटारात आजही आपलाच भाऊ उतरविला जातो. ते डब्यात भरून, जुने ऑईल परवानाधारकाला देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवा. जयभीम!