अळीला उचलून बाहेर सोडले, म्हणजे जयणा झाली का?



मागच्या चातुर्मासातली, आमच्या चौकच्या घरची गोष्ट. आमच्या फाटकावर कृष्णकमळाचा वेल आहे. पावसाने उघडीप दिली की समोर इर्शाळगड दिसतो आणि वेलाभोवती काळ्या ठिपक्यांची नारिंगी फुलपाखरे संथ फिरत राहतात. पर्युषणाच्या आठ दिवस आधी पाहते तर पानांची पार चाळण झालेली, आणि वेलावर तांबूस, काटेरी अळ्याच अळ्या! रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "ताई, औषध मारा, दोन दिवसांत साफ." ते तर शक्यच नव्हते. मग जाऊबाईंनी आणि मी एकेक अळी पुठ्ठ्यावर अलगद घेतली आणि मागच्या मोकळ्या जागेत गवतावर सोडली. एकीलाही इजा झाली नाही, याचे केवढे समाधान वाटले!

चौथ्या दिवशी धाकटी लेक मला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. हिरव्यागार गवतात बऱ्याच अळ्या सुकून पडल्या होत्या. "मम्मी, एवढं गवत होतं, मग त्यांनी खाल्लं का नाही?"

मला उत्तर देता आले नाही. मग वाचायला बसले.

या फुलपाखराला इंग्रजीत टॉनी कोस्टर म्हणतात. ठिपक्यांच्या ज्या फुलपाखरांना फ्रिटिलरी म्हणतात, त्यांचे हे जवळचे नातेवाईक. युरोपातल्या अनेक फ्रिटिलरींच्या अळ्या व्हायोलेटची पाने खातात, अमेरिकेतली गल्फ फ्रिटिलरी कृष्णकमळाच्या वर्गातले वेल खाते. आपली टॉनी कोस्टर कृष्णकमळ खाते आणि माळावर उगवणारे रतनपुरुषही खाते. गंमत म्हणजे हे रतनपुरुष व्हायोलेटच्याच कुळातले! आपल्याकडे आणखी एक ठिपकेवाले फुलपाखरू दिसते, कॉमन लेपर्ड. त्याची अळी तांबट नावाच्या काटेरी झाडाची कोवळी पाने खाते. म्हणजे प्रत्येकीचे ताट ठरलेले. गवत कितीही असो, या अळीसाठी ते अन्नच नाही.

म्हणून तर फुलपाखराची आई इतकी काळजी घेते. पाठशाळेत आपण शिकलो की फुलपाखरू चौरिंद्रिय, त्याला स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी असते. पण त्याला चव पायांनीही कळते, हे मला माहीत नव्हते. मादी पानावर पाय आपटून चव पाहते, आपल्या लेकरांचे हेच पान अशी खात्री झाली की पानाखाली पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. इतके निवडून वाढलेले ताट आम्ही "जयणेने" ओढून घेतले.

माझे म्हणणे एवढेच आहे. नुसती दया पुरत नाही, त्या जीवाची माहितीही हवी. हात हळू असणे ही अर्धी जयणा. तो जीव काय खातो, कुठे राहतो, हे जाणून घेणे ही उरलेली अर्धी. चातुर्मासात जीव असतात म्हणून आपण पालेभाजी सोडतो, फ्लॉवरची भाजी आणली तर दहा वेळा पाहतो. आणि त्याच दिवसांत कुंडीतल्या पानावर फवारणी करतो! काही जणी म्हणतात, आम्ही फक्त कडुलिंबाचे तेल वापरतो, ते सेंद्रिय आहे. सेंद्रिय असेल, पण अळीच्या दृष्टीने ते अहिंसक कसे?

"मग वेल मरू द्यायचा का?" हे जाऊबाईंनीही विचारले. आम्ही उरलेल्या अळ्या तशाच राहू दिल्या. वेल बोडका झाला, चार लोकांनी विचारलेही. अळ्या मोठ्या झाल्या, भिंतीला, फाटकाच्या गजांना उलटे टांगलेले पांढुरके, काळ्या रेघांचे कोष दिसू लागले. पुढे त्यातून फुलपाखरे निघाली आणि वेलाला नवी पालवीही फुटली. वेल जोमाचा असतो, तो सावरतो. शक्य असेल तर दोन वेल लावा, एक आपला, एक त्यांचा. छाटणीआधी पानांची खालची बाजू पाहा. कोष दिसला तर झाडू लागू देऊ नका.

या अळीचे काटे टोचत नाहीत, पण सगळ्याच अळ्या अशा नसतात. २०२२ मध्ये ऊस-शेतातल्या घोणस अळीच्या बातम्या आपण वाचल्या, तिच्या काट्यांनी भयंकर वेदना होतात. म्हणून ओळख नसेल तर हात लावू नका, मुलांनाही दुरून दाखवा.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले, असे करणारे आपले पहिले राज्य. पण त्याचीही अळी लिंबाच्या जातीच्या झाडांची पाने खाऊनच मोठी होते. फुलपाखरू हवे आणि अळी नको, असे कसे चालेल?

त्या संवत्सरीला चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमावताना माझ्या डोळ्यांसमोर ते गवत होते. मिच्छामि दुक्कडम् म्हटले. यंदा वेल पुन्हा बहरला आहे, आणि परवाच एका पानाखाली अंडी दिसली. ते पान कुणी तोडू नये म्हणून लेकीने त्याला लोकरीचा धागा बांधून ठेवला आहे.