भीती खरी, निष्कर्ष घाईचा



‘वजन घटवण्याची शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांनी इमान अहमद यांचा दाखला दिला आहे. इजिप्तहून आलेल्या इमान यांच्यावर मार्च २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले, हे खरे. पण त्यांचे वजन सुमारे ५०० किलो होते आणि इतर गंभीर आजारही होते. त्यावरून सर्वांचा निकाल लावता येणार नाही.

धोके आहेतच: टाक्यांतून गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी. या शस्त्रक्रियेच्या ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात. पुढे जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर सुटत नाहीत. मात्र आटोक्यात न येणारा मधुमेह आणि रक्तदाबही जीव पोखरतात. ते पारडे पत्रात रिकामेच राहिले.

आम्हा रत्नागिरीकरांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कोल्हापुरात शस्त्रक्रिया करून घरी आल्यावर मध्यरात्री ताप चढला, नाडी धावू लागली, पोटात कळा आल्या, तर वाटेतला आंबा घाट चढेपर्यंत पाहणार कोण? हे डॉक्टरांना आधी विचारा, उत्तर लिहून घ्या, मगच होकार किंवा नकार द्या.

– एक वाचक, रत्नागिरी